लाल मडकं, पांढरं मडकं

खाचरांतलं पाणी आटून भात पिवळं पडलं आणि सकाळच्या धुक्याला आंबेमोहोराचा वास येऊ लागला, की मावळातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. विळ्यांना धार लावायची, खळं सारवायचं, कापणीला माणसं सांगून ठेवायची. मलाही काही सुचत नाही, पण माझं ते वेगळं आहे. या वासाबरोबर मला एक जुनी कापणी आठवते. त्या कापणीत एका दुपारी मी एक गोष्ट ठरवली होती. ती बरोबर होती की कशी होती, हा विचार भात पिवळं पडलं की पुन्हा डोकं वर काढतो. दरसाल भात कापून होतं, झोडून होतं, कणगीत पडतं. विचार मात्र शेतात उभाच राहतो.

यंदा त्यात कमलने भर घातली. कमल माझी मुलगी, तळेगावला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आली ती पिशवीत वर्तमानपत्रं घेऊनच. देश आता आपला झाला, लवकरच सगळ्यांना मत मिळणार, जमीन असो नसो, बाई असो की पुरुष, आणि राजाच्या जागी देशाला अध्यक्ष असणार, असं ती पडवीत बसून वाचून दाखवत होती. वाचता वाचता थांबली.

"आई, तू तर पूर्वीच मत दिलंयस. माणूस निवडताना काय बघायचं असतं गं?"

"बघतात काहीबाही," मी म्हटलं.

"असं नको. नीट सांग. मला बायकांना समजावून द्यायचंय."

मी शेजारचा विळा उचलला. ती हसली आणि पुढचं वाचू लागली. मी विळ्याच्या सैल मुठीत पाचर ठोकत बसले. देशाचा अध्यक्ष मला कुठला कळायला? आम्ही निवडला होता तो एका पुलाचा अध्यक्ष. पण त्यालाही माणूसच लागला होता, आणि माणूस पारखायचा म्हणजे काय काय पारखायचं, हे मला त्या वेळी कळेनासं झालं होतं.

आमच्या तीन वाड्या वडिवळे गावाच्या खालच्या अंगाला. नदीच्या एका काठाला आम्ही आणि दुसऱ्या काठाला बाकी सगळं. कामशेतचं स्टेशन तिकडे, बाजार तिकडे, डॉक्टर तिकडे, कचेरीला जायची वाट तिकडे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून जायचं. पावसाळ्याचे चार महिने एक नाव होती. ती चालली तर जग होतं, नाही चालली तर नव्हतं. पाऊस धरला की आम्ही पडवीत बसून पलीकडच्या आगगाडीची शिट्टी ऐकायचो. ती ऐकू यायची अगदी जवळ, पण हात पोचत नव्हता.

माझ्या वडिलांना मुलगा नव्हता. जमीन त्यांनी माझ्या नावावर केली आणि जावई घरी आणला. हे भाजे गावचे. लोणावळ्याला रेल्वेत आगवाले होते. घाट चढून येणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारं इंजिन असतं, त्यात कोळसा मारायचे. शनिवारी घरी येत तेव्हा घासूनपुसूनही कानामागे काळं राहिलेलं असे. गाव त्यांना शेवटपर्यंत 'पाव्हणं'च म्हणत राहिलं.

त्या कापणीच्या वर्षी कचेरीतून कळवण्यात आलं की सरकार चुना, लोखंड आणि ओव्हरसियर देईल, दगड आणि अंगमेहनत गावांनी द्यावी, म्हणजे नदीवर पूल होईल. पण सरकार तीन वाड्यांशी वेगवेगळं बोलणार नाही. मंडळ करा, एक अध्यक्ष निवडा, तो बोलेल ते सगळ्यांनी मानायचं. ज्याच्या नावावर जमीन त्याला मत. तिसरी वाडी कातकऱ्यांची, त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. म्हणजे दगड जे उचलणार त्यांना मत नव्हतं. हे मला तेव्हाही खटकलं होतं, पण मत मला आहे याच धक्क्यातून मी बाहेर आले नव्हते.

उमेदवार दोन झाले. एक धोंडिबाआबा, दुसरा दौलत.

आबांविषयी काय सांगू? मानमोडीच्या साथीत घराघरांत माणसं आडवी झाली तेव्हा हा एकटा माणूस उभा होता. सकाळी डोक्यावर पेजेचं भांडं घेऊन निघायचा आणि दारोदार पाजत जायचा. माझी आई त्याच साथीत गेली. वडील तापात, मी तापात. आईला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. आबांनी दोन कातकरी बोलावले, तिसरे ते स्वतः झाले, आणि चौथा म्हणून वडिलांना उठवून, एका हाताने त्यांना धरून, दुसऱ्या हाताने तिरडी धरून नेली. मी अंथरुणातून ते पाहिलं. त्यानंतर मला आबांची पाठ दिसली तरी भरून यायचं.

आणि तेच आबा नावेची देखरेख करायचे. निवडणुकीच्या आधीच्या पावसाळ्यात नावेची एक फळी फुटली होती. नावाडी म्हणाला, घर शाकारून झालं की नाव करतो. आबा म्हणाले, कर बाबा. सुतार म्हणाला, माझ्या पोरीचं लग्न उरकू द्या. आबा म्हणाले, उरकून घे. श्रावणात माझी चुलत बहीण ठकू बाळंतपणाला अडली. सुईणीने हात टेकले, म्हणाली, पलीकडे न्या, डॉक्टरशिवाय सुटका नाही. आम्ही तिला डोलीत घालून काठावर आणलं. नाव उपडी पडली होती. पाणी दोन्ही काठ भरून, तांबडं, फेसाळ. पलीकडे कामशेतचा रस्ता स्पष्ट दिसत होता, एक बैलगाडी सावकाश चालली होती. ठकूने माझा हात धरला होता. दुपारपर्यंत ती "पानी उतरलं का?" असं विचारत होती. मग विचारायची थांबली. मूलही गेलं.

आबा तिथेच चिखलात बसून रडले. त्यांना बोल लावायला कुणाची जीभ उचलली नाही. माझीही नाही.

दौलत माझ्याहून थोडा मोठा. लहानपणी आम्ही एकाच बांधावर गुरं राखली, म्हणून मी त्याला दादा म्हणायची. पुढे तो पलटणीत गेला, लढाईवरून हवालदार होऊन परत आला. आला तो वेगळाच. सरळ चालायचा, सरळ बोलायचा, दिलेली वेळ पाळायचा आणि दुसऱ्याने पाळली नाही तर त्याच्या अंगावर जायचा. गावाला मास्तर मिळत नव्हता. दौलत कचेरीच्या पायरीवर जाऊन बसला, हाकललं तरी उठला नाही, आणि मास्तर घेऊनच आला. पाटाच्या पाण्यावरून एकाने आगळीक केली तर भर बांधावर त्याच्या कानाखाली वाजवली. ज्याला वाजवली तो चुकला होता, हेही खरं.

त्याची बायको पार्वती. माझी वहिनी म्हणायची आणि मैत्रीणही. आमची खाचरं लगत होती. त्या कापणीत मी पाहिलं, ती डाव्या हाताने विळा धरत होती. उजवं मनगट सुजून निळं झालेलं.

"काय झालं गं?"

"बांधावरनं घसरले."

बांध कोरडा ठणठणीत होता. आम्ही दोघी पुढे पुढे कापत राहिलो. भात कापून मागे उरलेल्या धसाला एक ओला, गोडसर वास असतो. पायाखाली धस चुरडला जात होता, आणि माझ्या डोक्यात तिचं मनगट आणि नदीवरचा पूल हे दोन्ही एकमेकांत अडकत चाललं होतं.

कापणीला आलेल्या बायकांना मत नव्हतं, पण बोलणं तेच. बनूमावशी सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "आबांचं काळीज लोण्यावानी हाय. आपल्याला दुसरं काय पायजे?"

"लोण्याचा पूल करायचा का मावशी?" कुणीतरी मागून म्हणालं. बायका हसल्या.

"दौलत आपल्या भावकीचा हाय," दुसरी म्हणाली. "आपला मानूस पडला तर तोंड दाखवाया जागा राहनार न्हाई."

"भावकीचा हाय म्हनूनच मला त्याचं भ्या वाटतंय," बनूमावशी म्हणाली. "ह्यो अध्यक्ष झाला तर आपल्याला घरात सुदीक सलाम ठोकाया लावंल."

आणखी कुणी म्हणालं, ज्याला साहेबाशी बोलता येतं तो बघा. कुणी म्हणालं, ज्याला पोरंबाळं आहेत तो बघा, आबांना मागेपुढे कुणी नाही, त्यांना कशाची फिकीर. तर लगेच दुसरी म्हणाली, मागेपुढे कुणी नाही म्हणूनच ते स्वतःचं घर भरणार नाहीत. एकच गोष्ट आबांच्या बाजूनेही बोलता येत होती आणि विरुद्धही. मी ऐकत होते आणि जिचं ऐकेन तिची होत होते.

शनिवारी हे आले, तेव्हा मी यांना विचारलं.

हे पाय धूत होते. म्हणाले, "घाटात डायवर गोड बोलतो का, ते आमी बघत न्हाई. गाडी चढवतो का बघतो."

"आणि उतरताना?"

"उतरताना ब्रेक मारता येतो का ते बघायचं."

"मग दौलतदादाला ब्रेक मारता येतो?"

यांनी पाय पुसले, बराच वेळ पुसले. "ते म्हाईत न्हाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दौलतच आला. पडवीत घोंगडी टाकली, मी गूळपाणी आणलं. तो यांच्याशी बोलू लागला. दगड कुठल्या डोंगरातून आणायचा, पाया किती खोल घ्यायचा, कोणत्या वाडीने कोणत्या वारी यायचं. सगळं त्याने मनात उभं केलेलं होतं. ऐकताना मलाही पूल दिसायला लागला. शेवटी म्हणाला, "तर पाव्हणं, तुमचं मत मला द्या."

हे म्हणाले, "मला मत न्हाई. जमीन हिची हाय."

दौलत माझ्याकडे वळला. लहानपणानंतर पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं असेल. "यमुने, ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं. नावेत कातकऱ्यांना शेवटच्या खेपेला बसवतात. पुलावर कसं करणार?"

"पूल म्हंजे पूल. त्याला डोळं असत्यात का, कोन चाललंय ते बघाया? पाय असंल त्यो चालंल."

हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढचा प्रश्न विचारू नये असं वाटलं. पण तो आधीच तोंडातून निघाला होता. "वहिनीचा हात कशानं सुजलाय, दादा?"

यांनी सुपारी कातरायची थांबवली. दौलत बसल्या जागी ताठ झाला. मग उठला, पायात वहाणा घातल्या.

"मी मत मागाया आलोय, न्याय मागाया न्हाई," तो म्हणाला. अंगणात जाऊन पुन्हा थांबला. आमच्याकडे पाठ करूनच बोलला, "पूल मी बांधीन. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाकीचं मला सांगता येत न्हाई."

तो गेल्यावर हे मला रागावतील असं वाटलं होतं. हे म्हणाले, "खोटं तरी बोलला न्हाई." मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. खोटं बोलला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आबाही आले. ते उंबऱ्यातच बसले, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मत द्या असं ते बोललेच नाहीत. माझ्या आईची आठवण काढली, भात कसं आहे विचारलं. मीच कातकऱ्यांचं विचारलं.

"बघू की पोरी. समद्यांना इचारून ठरवू. कुनाचं मन मोडाया नको."

सगळ्यांना विचारायचं, हे चांगलंच की. पण कुणाकुणाला विचारणार होते ते मला ठाऊक होतं आणि ते काय म्हणणार तेही. मग मी दुसरं विचारलं. विचारताना मला त्यांच्याकडे बघवेना, मी सुपातले तांदूळ निवडत राहिले.

"आबा, नाव का केली नाहीत हो?"

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "माज्या तोंडनं 'न्हाई' येत न्हाई, पोरी. कुनी काय बी मागितलं की मी व्हय म्हनतो. आंगात खोडच हाय ती. ठकूला मी मारलं आसंच म्हन."

"असं नका म्हणू."

"मग कसं म्हनू?"

मी सूप खाली ठेवलं. ज्या माणसाने आईला एका हाताने खांदा दिला, त्याला मी उंबऱ्यावर काय विचारत बसले होते? आणि विचारलं नसतं तर ठकूला काय तोंड दाखवलं असतं? ठकू आता तोंड बघायला नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मतदानाच्या आदल्या दिवशी पेंढ्या बांधताना मी पार्वतीला गाठलं. म्हटलं, वहिनी, तूच सांग. तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. मला वाटलं होतं, ती म्हणेल, आबांना दे. तेवढं ऐकलं की मी मोकळी.

पार्वतीने पेंढीला काड्यांचा आळा घातला, गुडघ्याने दाबून गाठ मारली आणि म्हणाली, "त्यांनाच दे."

"का?"

"आध्यक्ष झाले तर दिसभर भाईर ऱ्हातील. दगडावर राग काडतील. घरात जरा निवांत हुईल."

ती हसत नव्हती. रडतही नव्हती. पुढची पेंढी घेतली. मी पेंढा हातात धरून तशीच उभी राहिले. आतापर्यंत मी ज्या ज्या गोष्टी तोलल्या होत्या, त्यांत ही कुठे ठेवायची ते मला कळेना. ती गोष्ट दौलतच्या बाजूची होती की विरुद्ध?

मतदान देवळापुढच्या मोकळ्या जागेत होतं. कचेरीचा एक कारकून आला होता, कोट घातलेला, उन्हाने हैराण. दोन बांबूंवर घोंगडी बांधून आडोसा केला होता. आत दोन मडकी. गेरूने रंगवलेलं लाल दौलतचं, चुन्याने रंगवलेलं पांढरं आबांचं. नाव पुकारलं की कारकून एक सुपारी देई, ती आडोशाला जाऊन आपल्या मनातल्या मडक्यात टाकायची.

माझं नाव पुकारलं. कारकुनाने वर पाहिलं आणि यांना म्हणाला, "तुम्ही आत जाऊन टाका त्यांची सुपारी. बाईमाणसाला कशाला त्रास?"

हे म्हणाले, "जमीन तिची, सुपारी तिची."

लोक हसले. मी पदर घट्ट घेऊन आत गेले. घोंगडीला मेंढराचा आणि धुराचा वास होता. आत ऊन तिच्या विणीतून गाळून येत होतं, मडक्यांवर बारीक ठिपके पडले होते. मी उभी राहिले. बाहेर आबा खोकले, मी खोकला ओळखला. ठकूचा हात आठवला. मग आईची तिरडी. मग निळं मनगट. मग ते वाक्य, पूल म्हंजे पूल. मी माझ्या मनाला म्हटलं, हे पुलाचं काम आहे, घरचं नाही. लगेच दुसरं मन म्हणालं, जो घरात हात आवरत नाही त्याच्या हातात तीन वाड्या द्यायच्या? पुन्हा पहिलं म्हणालं, आणि जो कुणालाच नाही म्हणत नाही त्याच्या हातात नदी? मी दोघांचं ऐकलं. दोघं खरं बोलत होते.

"झालं का बाई?" कारकून बाहेरून म्हणाला.

मी सुपारी लाल मडक्यात टाकली. ती तळाला जाऊन वाजली आणि त्याच क्षणी मला ती परत काढावीशी वाटली. मी हात घालूनही पाहिला. मडक्याचं तोंड अरुंद होतं, बांगड्या अडकल्या. मी बाहेर आले. आबा माझ्याकडे बघून हसले, रोजच्यासारखे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेही खोटं वाटलं असतं.

दौलत थोडक्या सुपाऱ्यांनी निवडून आला. आबा सगळ्यांच्या आधी उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं लेका. माज्यावरचा भार उतरला." आणि झोडणी उरकून दगडांचं काम सुरू झालं, तेव्हा पहिल्या दिवशी पाटी घेऊन आबाच उभे होते.

पुढचे दोन उन्हाळे नदीत नुसता छिन्नीचा आवाज होता. दौलतने शब्द पाळला. पहाटे तो घराघरापुढे उभा राहून हाक मारी. तीन हाकांत जो आला नाही त्याच्या घरात शिरून पांघरूण ओढी. माणसं त्याला शिव्या देत कामाला येत आणि कामावर आली की त्याच्याइतकंच काम करत, कारण सगळ्यांत जड दगडाला त्याचाच खांदा असे. एकदा उतारावरचा एक दगड सैल आहे असं कातकरी वाडीतला लिंबा दोनदा म्हणाला. दौलत म्हणाला, पुढचा लागू दे, मग बघू. दगड घरंगळला आणि लिंबाच्याच पायावर आला. दौलतने त्याला पाठुंगळी मारलं आणि नदी ओलांडून कामशेतपर्यंत धावत नेलं, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. पाय वाचला, पण पुढे लिंबा लंगडतच चालला. आता हे कुणाच्या नावावर मांडायचं? पायाचं आणि धावण्याचं, दोन्ही दौलतच्याच नावावर. वजाबाकी करून काही उरतं का, ते मला कधी जमलं नाही.

पूल झाला. पहिल्या पावसाळ्यात आम्ही सगळे तो बघायला गेलो. तेच तांबडं पाणी, पण कमानीखालून जाताना त्याचा आवाज बदलला होता, खर्जातला झाला होता. अंगावर नदीचा एक थेंब न घेता मी पलीकडे गेले आणि पुन्हा अलीकडे आले, आणि का कोण जाणे, पुलाच्या मधोमध मला हुंदका आला. कातकरी बायका मोळ्या घेऊन आल्या तेव्हा आमच्यातले काही जण कुरकुरले. दौलत पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मोळ्या पुढे गेल्या. तो तिथे रोज उभा राहत गेला, सगळ्यांना सवय होईपर्यंत.

आबा त्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. त्यांना खांदा द्यायला तिन्ही वाड्या आल्या. दौलत पुढे होता.

आणि त्याच्या पुढच्या श्रावणात, पाऊस नुसता कोसळत असताना, पार्वती माझ्या बांधावरून गेली. मी खाचरातलं गवत काढत होते, डोक्यावर इरलं. तिच्या काखेत लहानसं गाठोडं. घरात निवांत झालं नव्हतं. दगड संपले होते.

"कुठं निघालीस वहिनी?"

"इंदुरीला. भावाकडं."

"या पावसात?"

"आता काय, पूल हाय की," ती म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली, माझ्या गालावरून हात फिरवला. "लय चांगला बांधलाय गं त्यांनी."

मी तिला अडवलं नाही. पुढे जा असंही म्हटलं नाही. ती पुलावरून चालत गेली, कमानीवर पोचली तेव्हा पावसाने दिसेनाशी झाली. ती परत आली नाही. दौलत एकदा इंदुरीला जाऊन आला. गेला तसाच एकटा आला.

त्या वर्षीच्या कापणीला भात चांगलं आलं होतं. एका संध्याकाळी मी कामशेतच्या बाजारातून परत येत होते. दौलत पुलाच्या कठड्यावर बसला होता. ऊन कलतीला लागलेलं, दोन्ही काठांची खाचरं कापून मोकळी झालेली, धसांमध्ये बगळे उतरलेले. मी नजर खाली ठेवून पुढे जाणार होते.

"यमुने," तो म्हणाला.

मी थांबले.

"एक इचारू? त्या वक्ताला तुझी सुपारी माझ्या मडक्यात हुती का?"

मी होय म्हटलं.

तो पाण्याकडे बघत राहिला. केस कानांपाशी पांढरे झाले होते. "आता काय वाटतंय तुला? बरं केलंस का वंगाळ?"

मी डोक्यावरची पाटी कठड्यावर टेकली. हाताखाली दगड दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता. एक फटही नव्हती कुठे.

"पूल चांगला झालाय, दादा," मी म्हटलं.

"पुलाचं न्हाई इचारलं मी," तो म्हणाला.

मी उत्तर शोधत उभी राहिले. स्टेशनात गाडी आली आणि गेली. अंधारून येऊ लागलं तसं त्याने उठून माझी पाटी माझ्या डोक्यावर दिली, आणि आम्ही दोघं गावाकडे चालू लागलो.